सासरा भाव खाऊन गेला

कॉलेजात असताना आम्ही हुंड्यावर एक एकांकिका केली होती, स्पर्धेसाठी. विषय सामाजिक, शेवटी नायिकेचं दोन पानी स्वगत, लाइट फक्त तिच्यावर, आणि त्या स्वगतात हुंडा का वाईट आहे ते सगळं मुद्देसूद. मी सासरा होतो. चष्मा कपाळावर चढवून मागण्यांची यादी वाचणारा लोभी, खेकसणारा सासरा. तालमीत मला कळलं की मागणीच्या आधी छोटा पॉज घेतला की हशा येतो, मग काय, मी प्रत्येक मागणीला पॉज घ्यायला लागलो. प्रयोगाला लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. नायिकेच्या स्वगताला टाळ्या पडल्या, पण त्या आपण भाषण संपल्यावर देतो तशा, आणि अभिनयाचं बक्षीस मला. पुढचे कित्येक महिने पोरं कॅन्टीनमध्ये माझी यादी माझ्याच ढंगात म्हणून दाखवायची. म्हणजे हुंडा कसा मागावा याचा एक झकास नमुना आम्ही गाजवून ठेवला, आणि परीक्षकांच्या शेऱ्यात होतं की विषय पोटतिडकीने मांडलाय.

तेव्हापासून कुणी 'विचारप्रधान नाटक' म्हटलं की मला जरा धास्तीच वाटते. कारण नाटकात विचार आहे असं म्हणताना आपल्या डोक्यात वाक्यं असतात. कुणीतरी पुढे येऊन जळजळीत काहीतरी बोलतो, टाळी पडते, आणि आता तर त्या टाळीच्या वाक्याचा रील होऊन फिरतो आणि नाटक न बघितलेली माणसं त्यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडतात. सेन्सॉरवाले वाक्यं खोडतात, भावना दुखावलेले वाक्यांवर हरकत घेतात, आणि आमचे पुरोगामी लेखकसुद्धा विचार कोंबतात तो वाक्यातच, म्हणजे या एका बाबतीत सगळ्या पार्ट्यांचं एकमत आहे. माझं म्हणणं असंय की हे सगळेच चुकीच्या खिशात हात घालतायत. नाटकातला विचार नट काय करतो त्यात असतो, कुठलं पात्र कुणाच्या शेजारी उभं केलंय त्यात असतो, आणि नाटक कुठल्या ढंगात खेळलंय त्यात तर सगळ्यात जास्त असतो. वाक्य हा त्यातला एक तुकडा, आणि बऱ्याचदा सगळ्यात कमी भरवशाचा.

कीचकवधाचंच बघा. खाडिलकरांचं हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं. कागदावर महाभारतातली गोष्ट, विराटाचा दरबार, सैरंध्री, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि त्याला मारणारा भीम. बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठे नाही, त्या फाळणीचं नाही. पण थिएटरात बसलेल्याला कळत होतं की कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, सगळं थंडपणे घेणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. व्हॅलेंटाइन चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकाराने हेच लिहून ठेवलंय, की छापील पुस्तकात किंवा स्टेजवर नाव कुठेही येत नाही तरी प्रत्येक प्रेक्षकाला ते माहीत असतं. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. इंग्रजांच्या हातात नाटकं बंद पाडायचा कायदा १८७६ पासून होताच, प्रश्न हा होता की यात खोडायचं काय? कीचक हा शब्द? भीमाचं नाव? आक्षेपार्ह असं जे काही होतं ते पात्रं आणि प्रेक्षक यांच्या मधल्या हवेत होतं, आणि हवा खोडता येत नाही म्हणून अख्खं नाटकच उचलून बाजूला ठेवावं लागलं. सरकारला नाटक कसं चालतं हे आपल्यापेक्षा बरं कळलं होतं असं म्हणायची पाळी येते.

आता माझ्या सासऱ्याच्या थोरल्या भावाकडे येतो, तळीरामाकडे. गडकऱ्यांचं एकच प्याला, १९१९, दारूच्या विरोधातलं नाटक म्हणून आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण त्यात आर्य मदिरा मंडळ नावाची दारुड्यांची टोळी आहे आणि दारूच्या बाजूने एकाहून एक बिनतोड युक्तिवाद करणारा तळीराम आहे, आणि तो असा हसवतो की लोकांच्या तोंडात दारूपायी संसार बुडवणाऱ्या नायक सुधाकरापेक्षा तोच जास्त. मग नाटक फसलं का? मला नाही वाटत तसं, कारण प्रयोगात दुसऱ्या पारड्यात एक नट पडला होता. सुधाकराच्या बायकोचं, सिंधूचं काम बालगंधर्वांनी केलं. ज्यांचे भरजरी शालू आणि दागिने डोळे भरून बघायला लोक यायचे ते बालगंधर्व इथे फाटकं लुगडं नेसून समोर आले. व्यसनाने संसाराची काय दशा होते हे सांगणारं याहून मोठं वाक्य मला तरी सुचत नाही, आणि ते वाक्य नाहीच आहे. रोज शालूत बघितलेल्या माणसाला चिंध्यांत बघताना पोटात जे काही तुटलं असेल ते त्या नटाच्या आधीच्या सगळ्या भूमिकांच्या जोरावर तुटलं. संहितेत हे लिहून ठेवता येत नाही. उद्या दुसऱ्या कुणी तेच लुगडं नेसलं तर ते नुसतं फाटकं लुगडं.

यातली धोक्याची बाजूही बघायला पाहिजे, कारण नट जसं देऊ शकतो तसं काढूनही घेऊ शकतो. नॉर्वेच्या इब्सेनच्या डॉल्स हाउसमधली नोरा शेवटी नवरा आणि मुलं सोडून दार ओढून निघून जाते, १८७९ सालचं नाटक, त्या दाराच्या आवाजाने युरोप हादरला वगैरे आपण वाचलेलं असतं. पण १८८० मध्ये जर्मनीत नोरा करणाऱ्या हेडविग निमन राबे या बाईंनी सांगितलं की मी माझ्या मुलांना सोडून कधीच गेले नसते, मी असा शेवट करणार नाही. शेवटी खुद्द इब्सेनने नाइलाजाने दुसरा शेवट लिहून दिला, त्यात नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतात आणि ती तिथेच कोसळते, जात नाही. इब्सेन स्वतःच त्या शेवटावर वैतागलेला होता. पण विचार करा, त्याआधीचं जवळपास सगळं बोलणं तेच राहिलं, बाईच्या स्वातंत्र्याबद्दलची वाक्यं आपापल्या जागी शाबूत, आणि नटी दाराबाहेर गेली की दाराशी बसली एवढ्यावर नाटक इकडचं तिकडे झालं.

जर्मन नाटककार ब्रेख्तची फजिती तर आणखी मजेशीर आहे, म्हणजे आपल्याकडे एलिएनेशन एलिएनेशन करणाऱ्यांनी, प्रेक्षकाला भावनेत वाहू न देता विचार करायला लावायचं त्याचं ते तंत्र, ती जास्त सांगायला हवी. त्याचं मदर करेज १९४१ साली झ्युरिचला झालं. युद्धाच्या मागे मागे गाडा ओढत धंदा करणारी बाई, युद्धावरच जगते आणि त्याच युद्धात एकेक करून मुलं गमावते. ब्रेख्तला दाखवायचं होतं की ही बाई शिकत काहीच नाही, तिचा धंदा आणि तिचं दुःख एकाच गाड्यावर आहे. लोकांनी काय बघितलं, तर बिचारी आई, आणि त्यांचे डोळे पाणावले. मग त्याने काही प्रवेश बदलले, आणि १९४९ मध्ये बर्लिनला हेलेन वायगेलने ती भूमिका केली त्यात दोन गोष्टी होत्या ज्या मी फोटोत आणि वर्णनातच बघितल्यात पण विसरू शकत नाही. मुलाला सोडवायच्या पैशावरून ती घासाघीस करत बसते, उशीर होतो, गोळ्यांचा आवाज येतो, आणि वायगेल तोंड वासून डोकं मागे टाकते आणि आवाजच काढत नाही. ही एक. दुसरी, शेवटी मुलीच्या दफनासाठी ती शेतकऱ्यांना नाणी मोजून देते आणि त्यातलं एक नाणं परत पिशवीत टाकते.

ते एक नाणं म्हणजे अख्खं नाटक. आई आहे की व्यापारी आहे, दया करायची की राग, दोन्ही एकाच वेळी तुमच्या अंगावर येतं आणि तुम्हाला धड रडता येत नाही. मला कुणी त्या सासऱ्याच्या वेळी असं एक नाणं दिलं असतं तर... पण आमच्या डायरेक्टरला स्वगताची काळजी होती, सासरा काय आपोआप होत होता.

आणि हो, हे सगळं बाहेरून आलंय असं समजायचं काही कारण नाही. फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या तृतीय रत्नमध्ये विदूषक आहे, तो गोष्टीच्या मधे मधे येऊन प्रेक्षकांना सांगत राहतो की बघा, हा जोशी या कुणब्याच्या बाईला कसा गुंडाळतोय. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं. ब्रेख्तचा जन्म व्हायला अजून चाळीसेक वर्षं होती.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या उदाहरणावर येतो, आणि इथे मी थोडा चिडून बोलणार आहे. विजय तेंडुलकरांचं शांतता! कोर्ट चालू आहे, १९६७, रंगायन ही नाट्यसंस्था, अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन आणि नायिका बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. या नाटकाच्या शेवटाकडे बेणारेचं जे मोठं स्वगत आहे ते प्रत्येक अभिनय स्पर्धेत दर वर्षी किमान तीन मुली म्हणतात. म्हणजे मी परीक्षकांच्या मागच्या रांगेत बसून मोजलंय. बहुतेक जणी रडतात, चांगल्या रडतात, टाळ्याही घेतात. पण मूळ नाटकात ते कसं येतं ते आठवा. खोट्या खोट्या कोर्टाचा खेळ आता खराच तिच्या अंगावर आलाय, आणि आरोपीला बोलायला दहा सेकंद दिली जातात. दहा सेकंद! ती गप्प उभी राहते. आणि मग बाकीचे सगळे जागच्या जागी थिजतात, प्रकाश बदलतो आणि ती बोलायला लागते, आपलं आयुष्य, प्रेम, शरीर, पोटातलं मूल, सगळं. ते संपतं, माणसं परत हलायला लागतात, आणि कोर्टाच्या दृष्टीने आरोपी काहीच बोललेली नसते. वेळ संपली. समजतंय ना काय केलंय ते? बाईने सगळं सांगितलं आणि तिचं कुणीही ऐकलं नाही, कारण त्यांच्या जगात तिला तेवढा वेळ कधी मिळालाच नव्हता. ऐकलं फक्त आपण, आणि आपण खुर्चीत बसलोय, काही करू शकत नाही.

विचार तिथे आहे, त्या थिजलेल्या माणसांत. स्पर्धेत एकटी मुलगी उभी राहून ते म्हणते तेव्हा थिजलेली माणसं गायब, दहा सेकंद गायब, राहतं काय तर एका दुःखी बाईचं जोरदार भाषण. भाषण चांगलंच आहे, पण अशी भाषणं लिहिणारे पुष्कळ असतात. ती दहा सेकंद सुचणारा विरळा.

वास्तववादी नाटकाला हे लागू नाही असं कुणी म्हणेल. तिथे फक्त शैली लपलेली असते एवढंच. महेश एलकुंचवारांच्या वाडा चिरेबंदी नाटकात जमीनदारी संपली असं कुणी व्याख्यान देत नाही, पण अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे.

आणि शैली हाच विचार कसा होतो याचं मराठीतलं ठळक उदाहरण म्हणजे तेंडुलकरांचंच घाशीराम कोतवाल, त्याला पर्यायच नाही. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिला प्रयोग, पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेचा, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद, नाना फडणवीस मोहन आगाशे. गदारोळ झाला, नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी म्हणून, संस्थेने प्रयोग थांबवले, त्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी थिएटर अकादमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं, हे सगळं माहीतच आहे. भांडण झालं ते इतिहासावर. नाना असे होते का, तसे नव्हते का, पुरावा काय. मला इतिहासाचा मुद्दा क्षुल्लक वाटत नाही, खऱ्या माणसाचं नाव वापरलं की लोक विचारणारच, आणि नाटककाराने हे ऐतिहासिक नाटक नाही म्हटल्याने तो प्रश्न मिटत नाही, हे मी मान्य करतो. पण त्या भांडणात जी गोष्ट हरवली ती म्हणजे भिंत.

घाशीराममध्ये ब्राह्मणांची एक रांग आहे. ती गाते, डुलते, वाडा होते, रस्ता होते, लोक होते, आणि पुन्हा वळून भिंत होते. ही भिंत कीर्तनाच्या रंगात डुलत असते आणि त्याच वेळी तिच्या आडोशाने काय वाटेल ते चाललेलं असतं. नजर वळवायची तर माणसं फक्त पाठ फिरवतात. देवाचं नाव घेणारा तोच आवाज आणि कानाडोळा करणारी तीच पाठ. सत्ता एक घाशीराम कशी जन्माला घालते हे गोष्टीतून कळतंच, पण ती कुणाच्या पाठीआड जन्माला घालते हे भिंतीशिवाय कळलंच नसतं. हीच गोष्ट वाड्याचा सेट लावून, पगड्या घालून, सरळ ऐतिहासिक नाटकासारखी केली असती तर काय झालं असतं? एक विलासी कारभारी नाना आणि पुण्याच्या कोतवालीसाठी मुलीला पणाला लावणारा, सूडाने पेटलेला घाशीराम, दोन वाईट माणसांची गोष्ट. भिंतीमुळे ती आपली झाली, कारण भिंतीतला प्रत्येक जण भला माणूस आहे, छान सुरात गातोय. आणि ते सुंदर दिसतं ही तर खरी मेख. तुम्ही तालावर मान डोलवता आणि मग लक्षात येतं की आपणही रांगेत उभे आहोत.

काही लोक म्हणतात की शैलीचं एवढं कौतुक म्हणजे जिवावर येणारा विषय नटवून सादर करणं, त्यापेक्षा सरळ सांगा ना. घाशीरामवरही हा आक्षेप होता, की नाचगाण्यात धार बोथट होते. धोका आहेच, माझा सासरा त्याचा जिवंत पुरावा आहे. पण सरळ सांगणं हीसुद्धा एक शैलीच आहे की! अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशातल्या गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आणलं, तेव्हा वगातलं, म्हणजे मुख्य गोष्टीतलं, पहिलं वाक्य यायच्या आधीच बदल झालेला होता, रोज ज्या जागी देव असतो तिथे दुसरं कुणी आलं होतं आणि तमाशाचा प्रत्येक प्रेक्षक ती जागा ओळखत होता. स्त्री मुक्ती संघटनेचं मुलगी झाली हो, १९८३ पासून गावोगाव झालं, त्यात थेट बोलणंच आहे, पण ते बोलतंय कोण? बायका, घोळक्याने, गात, उघड्यावर, चारचौघांत. अजून एकही शब्द कळला नाही तरी ते चित्र काहीतरी सांगतंच. शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला (२०१२) मध्ये महाराजांच्या विचारांवर खूप बोलणं आहे आणि धारदार आहे, तरी माझ्या डोक्यात राहिला तो जिरेटोप कुणाच्या डोक्यावर बसतो ते शोधत फिरणारा यम, आणि त्या कलाकारांची मराठवाड्यातली बोली. तीच वाक्यं घासूनपुसून प्रमाण मराठीत बोलली तर तो विचार राहतो का? मला वाटतं अर्धा गळून जातो, कारण शिवाजी कुणाचा या प्रश्नाचं अर्धं उत्तर तर आवाजातच आहे.

सतीश आळेकरांच्या महानिर्वाण नाटकात मेलेला माणूस स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो. कर्मकांड पोकळ आहे असं कुणी म्हणायची गरज उरते का?

आता हे सगळं कशासाठी सांगतोय, तर महाराष्ट्रात व्यावसायिक नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉर बोर्डाकडे जाते आणि तिथे ती वाचली जाते. वाचली जाते! मला माणसांच्या हेतूबद्दल काही म्हणायचं नाही, काही मंडळी नाटकातलीच असतात, पण ही पद्धत म्हणजे गाण्याला परवानगी द्यायची की नाही ते त्याचे शब्द वाचून ठरवणं. शिवी सापडते, जातीचं नाव सापडतं, नेत्याचं नाव सापडतं. नट ती शिवी कुणाकडे बघत देणार आहे ते सापडत नाही. ज्याला खरंच विष पेरायचंय तो एक सोज्वळ संहिता देईल आणि एका विशिष्ट पात्राला विशिष्ट चाल आणि विशिष्ट हेल देऊन अख्ख्या समाजाची टिंगल करेल, कागदावर काहीही दिसणार नाही. अशी नाटकं येऊन गेलीयत, सुखाने चाललीयत, घरातला नोकर किंवा परगावचा माणूस हमखास हशा काढायला वापरणारी, आणि त्यांना कधी कुणी अडवल्याचं मला आठवत नाही. म्हणजे जे पकडायला बसलात तेच निसटतं. म्हणून मला ही आधीची तपासणी नकोच आहे, आणि विरोध करणाऱ्यांनाही माझं एवढंच म्हणणं आहे की बाबांनो तिकीट काढा, नाटक बघा, मग दारात उभे राहून हव्या तेवढ्या घोषणा द्या.

गिधाडेच्या वेळी काय झालं ते नाटकवाल्यांना ठाऊक आहे. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये तेंडुलकरांचं ते नाटक केलं, त्यात मारहाणीनंतर गर्भपात झालेल्या माणिकच्या साडीवर रक्ताचा डाग दिसायचा. सेन्सॉरची त्याला हरकत. मग डाग निळा केला आणि प्रेक्षकांना सांगितलं की हा डाग लाल आहे असं समजा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसलो होतो, नंतर वाटलं की लाल डाग कदाचित काही लोकांनी बघून न बघितल्यासारखा केला असता, नाटक आहे, रंग आहे, पुढे चला. निळ्या डागापुढे ती सोय नाही, तो डोक्यात तुम्हाला स्वतःलाच लाल करावा लागतो.

आणि घाशीरामच्या त्या भिंतीचं म्हणाल तर कागदावर ती एका ओळीची सूचना असते, रांगेतले सगळे पाठ करून उभे राहतात. या ओळीवर लाल पेन्सिल घेऊन बसलेला माणूस नेमकी कशाखाली रेघ मारणार, 'पाठ'खाली की 'सगळे'खाली?